संगणकाच्या जोडण्या आणि खानदेशचा आवाज

धरणगाव हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील या गावी १८९० मध्ये त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांचा जन्म झाला. १९१८ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. तथापि त्यांच्या कविता छापील पुस्तकांच्या आधाराने मराठी वाचकांच्या घरोघरी आजही नांदत आहेत. याच खानदेशात अखाजीला झोक्यावर बसून म्हटली जाणारी गाणी, श्रावणातील कानबाईच्या उत्सवाची गाणी, वहीगायन आणि जात्यावरील ओव्या यांचीही मोठी परंपरा आहे. या गाण्यांना छापखान्याचा आधार क्वचितच लाभला. ती गळ्यातून गळ्यात गेली आणि गळा थांबला की त्याबरोबर थांबली.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या या निरक्षर कवयित्रीची गाणी तिचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, यांनी जपली. आचार्य अत्रे यांच्या प्रोत्साहनाने ती १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच्या आदल्या वर्षीच बहिणाबाईंचे निधन झाले होते. लेखणी वेळेवर पोहोचली म्हणून शब्द वाचले. परंतु बोलीचा हेल, शब्दावरील आघात आणि जात्याच्या घरघरीशी जुळलेली लय कागदावर उतरत नाही. त्यासाठी आवाजच राखून ठेवावा लागतो.

ही निकड किती आहे हे जनगणनेच्या आकड्यांवरून लक्षात येते. अहिराणी ज्या गटात मोजली जाते त्या खानदेशी भाषेच्या भाषिकांची संख्या २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १८ लाख ६० हजार नोंदली गेली. मातृभाषा सांगताना अनेकांनी केवळ मराठी असे सांगितले असणे शक्य आहे. तरीही आकडा वाढण्याऐवजी घटावा, ही गोष्ट शिक्षकांनी आणि गावकारभाऱ्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

आवाज राखण्याचे साधन बहुतेक गावांत आजच उपलब्ध आहे. २०११ च्या सुमारास संग्राम प्रकल्पाच्या निमित्ताने राज्यातील ग्रामपंचायतींमध्ये संगणक आले. पुढे २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रां'नी ते काम पुढे चालविले. अनेक शाळांतही संगणककक्ष आहेत. दाखले काढणे, माहिती भरणे आणि छपाई करणे यांपलीकडे या यंत्रांचा उपयोग सहसा होत नाही. याचे कारण यंत्राची दुर्बलता हे नसून, त्याला बाहेरची उपकरणे कशी जोडावीत याविषयीची अपुरी माहिती हे आहे.

संगणकाची मागची बाजू

टेबलावर ठेवायच्या संगणकाच्या पेटीची मागची बाजू प्रथमदर्शनी गोंधळात टाकणारी वाटते. वस्तुतः तेथील प्रत्येक सॉकेटचा आकार आणि रंग ठरलेला आहे. रंगांची ही सर्वमान्य पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. जुन्या यंत्रांवरील गोल सॉकेटांपैकी जांभळे कीबोर्डचे आणि हिरवे माउसचे असते. पंधरा छिद्रांचे, बहुधा निळ्या रंगाचे सॉकेट पडद्याचे असते. नव्या यंत्रांवर त्याच्या जागी किंवा जोडीला चपटे एचडीएमआय सॉकेट आढळते. आयताकृती सॉकेटे यूएसबीची असतात.

आवाजाची सॉकेटे लहान व गोल असून त्यांत ३.५ मिलिमीटर जाडीची पिन बसते. ती साधारणपणे तीन असतात. फिकट हिरव्या सॉकेटातून आवाज बाहेर पडतो; स्पीकर किंवा हेडफोन तेथे लावतात. गुलाबी सॉकेट माईकसाठी असते. फिकट निळ्या सॉकेटाला 'लाइन इन' म्हणतात. टेपरेकॉर्डर, रेडिओ किंवा मिक्सर यांसारख्या उपकरणातून येणारा आवाज तेथून आत घ्यावयाचा असतो. माईक चुकून हिरव्या सॉकेटात लावला गेला की यंत्र नादुरुस्त असल्याचा निष्कर्ष काढला जातो. कारागीर बोलावण्यापूर्वी पिनचा आणि सॉकेटाचा रंग पाहून घेतल्यास पुष्कळदा खर्च व वेळ दोन्ही वाचतात.

यूएसबीचा मार्ग

१९९६ पूर्वी प्रत्येक उपकरणाचे सॉकेट वेगळे असे. प्रिंटरसाठी पंचवीस पिनांचे रुंद सॉकेट, माउससाठी नऊ पिनांचे, अशी व्यवस्था होती. उपकरण जोडण्यापूर्वी संगणक बंद करणे आवश्यक असे. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली मानक रचना जाहीर झाली आणि ही अडचण हळूहळू दूर झाली. इंटेल कंपनीतील ज्या अभियंत्यांनी या रचनेची पायाभरणी केली त्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते.

यूएसबीच्या एकाच तारेतून माहिती आणि वीज दोन्ही वाहतात. हा विजेचा दाब ५ व्होल्टचा असतो. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीत एका सॉकेटातून ५०० मिलिअँपिअर, तर तिसऱ्या आवृत्तीत, ज्याची सॉकेटे बहुधा आतून निळी असतात, ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. ही मर्यादा ध्यानात ठेवल्यास अनेक तक्रारींचा उलगडा होतो. एकाच हबवर अंगठ्याचे यंत्र, कॅमेरा आणि बाहेरची हार्ड डिस्क जोडली की वीज अपुरी पडते व एखादे उपकरण मधूनच बंद होते. अशा वेळी अधिक वीज लागणारे उपकरण थेट पेटीच्या मागील सॉकेटात लावावे किंवा स्वतंत्र वीज घेणारा हब वापरावा.

उपकरण जोडले म्हणजे ते चालू लागलेच असे नाही. उपकरण आणि संगणक यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात, संगणकात असावी लागते. कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह आणि बहुतेक माईक यांची ओळख संगणकाला आपोआप पटते. प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचे यंत्र यांसाठी उत्पादकाचा ड्रायव्हर बसवावा लागतो. तो केवळ उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क काढताना पडद्यावरून तशी सूचना देऊन मगच उपटावी. लेखन चालू असता ती ओढल्यास आतील नोंदी बिघडतात.

आवाजाची तीन बळे

आवाजाची उपकरणे जोडताना एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. तारेतून येणाऱ्या आवाजाच्या विद्युतलहरीचे बळ उपकरणागणिक वेगळे असते. जळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या परिचयाचा दाखला द्यावयाचा तर ठिबकचा थेंब, घरातील नळ आणि विहिरीवरील पंपाचा लोट यांत जितका फरक आहे, तितकाच फरक येथेही आहे.

माईकमधून येणारी लहर ही ठिबकाच्या थेंबासारखी असते. ती काही मिलिव्होल्टांचीच असते. म्हणून गुलाबी सॉकेट तिला आत घेताच अनेक पटींनी वाढविते. टेपरेकॉर्डरच्या 'लाइन आउट'मधून येणारी लहर नळाच्या धारेसारखी, साधारणतः एकतृतीयांश व्होल्टच्या आसपास असते. तिला निळे सॉकेट योग्य. ही लहर गुलाबी सॉकेटात सोडल्यास ती नको तितकी वाढते आणि आवाज फाटून येतो. मंदिरातील अथवा शाळेतील ध्वनिवर्धकातून, म्हणजे अँप्लिफायरमधून, कर्ण्याकडे जाणारी लहर मात्र पंपाच्या लोटासारखी असते. सार्वजनिक व्यवस्थेतील काही अँप्लिफायरांत ती १०० व्होल्टपर्यंत पोहोचते. कर्ण्याची तार संगणकाला कधीही जोडू नये. संगणक कायमचा निकामी होईल आणि जोडणाऱ्यासही धोका संभवतो.

संगणकातील आवाज अँप्लिफायरमध्ये न्यावयाचा असल्यास मार्ग सोपा आहे. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन व दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना असलेली केबल घ्यावी. पहिले टोक संगणकाच्या हिरव्या सॉकेटात आणि दुसरे अँप्लिफायरच्या 'ऑक्स' असे लिहिलेल्या सॉकेटात लावावे. जोडणी करताना अँप्लिफायर बंद असावा आणि त्याचा आवाज शून्यावर आणलेला असावा. परिपाठ, भाषाश्रवणाचे पाठ अथवा ग्रामसभेपुढे दाखवावयाची चित्रफीत यांसाठी ही व्यवस्था पुरेशी आहे.

कॅसेटवरील आवाज संगणकात

कॅसेटचा प्रसार झाल्यानंतर टेपरेकॉर्डर खेड्यापाड्यांत पोहोचला. लग्नातील गाणी, कीर्तने, आजीच्या ओव्या लोकांनी हौसेने मुद्रित केल्या. कॅसेटच्या फितीची रुंदी ४ मिलिमीटरहूनही कमी असते आणि तिच्यावरील चुंबकीय थरात आवाज साठविलेला असतो. खानदेशातील उन्हाळ्याचा ताप आणि पावसाळ्याचा दमटपणा या थराला मानवत नाहीत. फितीला बुरशी येते, थर सुटतो, फीत चिकटते. एखादी जुनी कॅसेट केवळ एकदाच नीट वाजेल, अशी तिची अवस्था असू शकते. म्हणून त्या एका वेळी जोडणी अचूक असणे अगत्याचे आहे.

प्रथम कॅसेटच्या मागील कडेवरील दोन छोट्या प्लॅस्टिकच्या चकत्या मोडलेल्या आहेत की नाहीत ते पाहावे. त्या मोडल्या म्हणजे तिच्यावर चुकून नवे मुद्रण होऊन जुने पुसले जाण्याची भीती राहत नाही. टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या कापसाच्या काडीने पुसून कोरडे होऊ द्यावे. बिनमहत्त्वाची एखादी कॅसेट वाजवून यंत्र फीत खात नाही याची खात्री करावी. त्यानंतर जुनी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे व मग मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेले वेढे मोकळे होतात. बुरशी दिसत असल्यास मात्र ती वाजवू नये. ती वेगळी ठेवून जाणकाराकडे द्यावी.

टेपरेकॉर्डरला 'लाइन आउट' असल्यास तेथून, नसल्यास हेडफोनच्या सॉकेटातून केबल काढून ती संगणकाच्या निळ्या सॉकेटात लावावी. हेडफोनच्या सॉकेटातून आवाज घेताना टेपरेकॉर्डरचा आवाज अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवावा. अनेक नव्या व लहान संगणकांना निळे सॉकेट नसते. अशा वेळी 'लाइन इन' असलेले, यूएसबीवर चालणारे छोटे साउंड कार्ड घ्यावे. विकत घेताना त्यावर 'लाइन इन' हे शब्द आहेत याची खात्री करावी. स्वस्त कार्डांपैकी अनेकांना केवळ माईकचे सॉकेट असते.

मुद्रणासाठी ऑडॅसिटी ही आज्ञावली विनामूल्य मिळते. तिच्यातील आवाजाच्या पट्टीवर शून्य डेसिबल ही वरची सीमा असते. गाण्यातील सर्वांत मोठा सूर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असे प्रमाण ठेवावे. शून्याला टेकलेला सूर कापला जातो आणि कापलेला भाग पुढे कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. हळू मुद्रित झालेला आवाज मात्र नंतर वाढविता येतो. कॅसेट जितकी लांब तितकाच वेळ मुद्रणास लागतो. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे द्यावीच लागतात, आणि त्या काळात कोणीतरी हेडफोन लावून ऐकत बसणे इष्ट असते.

माणसाचा आवाज प्रत्यक्ष टिपताना

कॅसेट हा कालचा आवाज झाला; आज गावात हयात असलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांचा आवाज टिपणे हे त्याहून निकडीचे काम आहे. यासाठी यूएसबीवर चालणारा साधा माईक पुरतो, कारण आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग माईकमध्येच असल्याने रंगीत सॉकेटांचा प्रश्न उरत नाही. माईक गाणाऱ्यापासून सुमारे एक वीत अंतरावर, तोंडाच्या किंचित बाजूला ठेवावा. पंखा बंद करावा. शाळेच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. भिंतींवर गोधड्या किंवा सतरंज्या टांगल्यास घुमणे बरेच कमी होते. मुद्रण चालू असता त्याच खोलीतील स्पीकर बंद ठेवावा, नाहीतर स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून कर्कश शिटी सुरू होते.

दोन बाबतींत विशेष दक्षता घ्यावी. संगणकात बोलण्यामागील गोंगाट आपोआप कमी करणारी सोय असते. बैठकीसाठी ती उपयुक्त आहे. पण गाण्यातील लांबलेला सूर आणि जात्याची घरघर यांनाही ती गोंगाट समजून पुसून टाकते. गाणी टिपताना ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी. दुसरे असे की, बिनतारी ब्लूटूथ हेडफोनचा माईक या कामी वापरू नये. त्याचा माईक चालू होताच आवाज दूरध्वनीच्या दर्जावर उतरतो व बारकावे हरवतात.

गुणगुण आणि वीजसुरक्षा

जोडणी पूर्ण झाल्यावर स्पीकरमधून एकसारखी मंद गुणगुण ऐकू येण्याची तक्रार सार्वत्रिक आहे. आपल्याकडील वीजप्रवाहाची आवर्तने सेकंदाला ५० असतात आणि बहुधा तीच या गुणगुणीच्या रूपाने ऐकू येतात. संगणक एका खोलीतील आणि अँप्लिफायर दुसऱ्या खोलीतील प्लगवर असला की दोन्हींच्या अर्थिंगमधील फरकामुळे आवाजाच्या तारेतून हा प्रवाह वाहू लागतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डवरून चालविणे हा पहिला उपाय होय. आवाजाची तार विजेच्या तारेपासून दूर ठेवावी आणि लागेल तेवढीच लांब घ्यावी.

गुणगुण घालविण्यासाठी प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. तो जीवघेणा आहे. जेथे मुले वावरतात त्या शाळेत तर तो कदापि होऊ देऊ नये. इमारतीचे अर्थिंग वर्षातून एकदा, विशेषतः उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते तेव्हा, तपासून घेणे हे मुख्याध्यापक आणि ग्रामसेवक यांचे कर्तव्यच मानले पाहिजे.

जतन आणि नोंद

संगणक आवाजाचे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप करून त्याचे आकडे साठवितो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८ हजार मापे प्रतिसेकंद आणि प्रत्येक माप २४ बिटांचे, असे प्रमाण सुचविले आहे. या प्रमाणाने दोन वाहिन्यांच्या एका तासाच्या मुद्रणास सुमारे १ जीबी, तर एका वाहिनीच्या मुद्रणास त्याच्या निम्मी जागा लागते. मूळ प्रत 'वेव्ह' स्वरूपात ठेवावी. भ्रमणध्वनीवर पाठविण्यासाठी हवी तर तिच्यावरून लहान एमपी-३ प्रत करावी, परंतु मूळ प्रत पुसू नये. प्रती तीन असाव्यात: एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या इमारतीत.

केवळ आवाज साठविल्याने काम संपत नाही. गाणाऱ्याचे नाव, गाव, बोली, गाण्याचा प्रसंग, मुद्रणाचा दिनांक आणि टिपणाऱ्याचे नाव यांची नोंद त्याच दिवशी केली पाहिजे. अन्यथा दहा वर्षांनी तो आवाज कोणाचा हे सांगणारे कोणी राहत नाही. मुद्रणापूर्वी गाणाऱ्याची संमती घ्यावी. तो आवाज शाळेत ऐकवावयाचा की सर्वांसाठी खुला करावयाचा, हेही तिला किंवा त्याला विचारून ठरवावे.

असे काम धीराने केल्यास काय घडू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्यात गी पॉइटेव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरील लाखाहून अधिक ओव्या गावोगाव फिरून लिहून घेतल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास बर्नार्ड बेल हे या कामात सामील झाले. त्यांच्यामुळे ओव्यांची संगणकावरील सूची तयार झाली आणि १२० तासांच्या आसपास ध्वनिमुद्रणही झाले. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने २०१७ पासून हा संग्रह टप्प्याटप्प्याने जनतेसाठी खुला करण्यास प्रारंभ केला. ज्या स्त्रियांनी त्या ओव्या गायिल्या त्यांपैकी ज्या आज नाहीत, त्यांचाही आवाज त्यांची नातवंडे ऐकू शकतात. नोंद आणि सूची नसती तर हे शक्य झाले नसते.

गावपातळीवरील कार्य

धरणगाव तालुक्यातील अथवा खानदेशातील कोणत्याही गावाला असे काम आपल्या आवाक्यात सुरू करता येईल. ग्रामपंचायतीने एक माईक, एक केबल आणि एक हार्ड डिस्क यांची तरतूद करावी. शाळेने संगणक आणि शांत खोली द्यावी. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या वृद्धांची यादी करावी आणि नोंदवह्या लिहाव्यात. बोलीतील शब्दांचे अर्थ विचारण्याच्या निमित्ताने भाषेचा पाठही होईल. विस्तार अधिकाऱ्यांनी शाळाभेटीच्या वेळी संगणककक्षाची पाहणी करताना यंत्रांची संख्या मोजण्याबरोबरच त्यांना कोणती उपकरणे जोडली आहेत आणि त्यांचा उपयोग कशासाठी होतो, हेही पाहावे.

पश्चिमेकडील अहिराणी असो वा पूर्वेकडील लेवा गणबोली असो, तिचा खरा कोश आज गावातील ऐंशी वर्षांच्या आजीच्या मुखात आहे. गुलाबी आणि निळ्या सॉकेटांतील फरक शिकण्यास एक दुपार पुरते. येत्या अखाजीच्या सणापूर्वी ती दुपार प्रत्येक शाळेने काढावी, म्हणजे झोके बांधले जातील तेव्हा माईकही सज्ज असेल.